ज्येष्ठांसाठी संस्था चालवताय पण फोनच येत नाहीयेत? मग हे करून बघा

मी डोंबिवलीची, वय २४, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार एका छोट्या संस्थेचं काम बघते. काम साधंच आहे. आमच्याकडे लिफ्ट नसलेल्या चार मजली जुन्या बिल्डिंगी भरपूर, मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर बाहेर, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आजी-आजोबा, ज्यांचे गुडघे गेलेत म्हणून महिना महिना खाली उतरणं होत नाही. त्यांचं औषध, बँक, मोबाईल, लाईटबिल, आणि खरं सांगायचं तर तासभर गप्पा, एवढंच आम्ही करतो. दोन वर्षांपूर्वी प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं, "तू तरुण आहेस, तुला इन्स्टा-बिन्स्टा येतं" या एकाच क्वालिफिकेशनवर. पहिले चार महिने मी मस्त रील्स केल्या, लाईक्स आले, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींनी हार्ट टाकले, आणि एकाही आजीचा फोन आला नाही. अर्थातच, कारण आजी इन्स्टावर नाहीतच.

नंतर काय केलं ते लिहितेय, कारण बरेच जण विचारतात. गाव छोटं असेल तर थोडा फरक पडेल, पण मूळ गोष्ट तीच राहते.

आधी एक वाक्य नीट करा

आमच्या पहिल्या पत्रकावर लिहिलं होतं "ज्येष्ठांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी कटिबद्ध". छापून आल्यावर मी माझ्याच आजीला दाखवलं तर ती म्हणाली, छान आहे, पण तुम्ही करता काय? तीच परीक्षा घ्या. एका आजीने दुसऱ्या आजीला फोनवर सांगता येईल असं वाक्य पाहिजे. आमचं आता असं आहे: "जिना उतरणं जमत नाही? औषध, बँक, मोबाईलचं काम असेल तर फोन करा, आम्ही घरी येतो."

शब्द जपून वापरा. वृद्ध, निराधार, एकाकी, गरजू हे शब्द देणगीदारासमोर चालतात असं वाटतं, पण ते वाचून कोणी आजोबा स्वतःहून फोन करणार नाहीत. एका काकांनी मला दारातच सुनावलं होतं, निराधार कोण, रेल्वेतून रिटायर झालोय, पेन्शन आहे मला, आणि बरोबरच होतं त्यांचं. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "मला नको गं, शेजारच्यांना विचार, त्यांचे हाल आहेत", आणि शेजारचे परत यांच्याकडे बोट दाखवतात. म्हणून आम्ही मदत हा शब्दच काढून टाकला. "काम असेल तर सांगा" म्हटलं की लोक काम सांगतात.

आणि हो, "मोफत" मोठ्या अक्षरात लिहू नका. आम्हाला वाटलं फुकट म्हटलं की लोक येतील, उलट संशय आला. आज घरात बसलेल्या ज्येष्ठांना दिवसातून दोन फसवे फोन येतात, केवायसी संपलंय, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, डिजिटल अरेस्ट करतोय, त्यात तुम्ही आणखी एक फुकटवाले. पैसे घेत नाही हे सांगायचं, पण खाली, साध्या अक्षरात, आणि मग खर्च कुठून येतो तेही एका ओळीत.

कागदपत्रं, पटकन पण नीट

हा भाग कंटाळवाणा आहे पण प्रचार सुरू केला की पहिला प्रश्न हाच येतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर नोंदणी क्रमांक प्रत्येक कागदावर टाका. नोंदणी झालेली नसेल आणि लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ क ची जी परवानगी काढतात ती माहिती करून घ्या, आधी पैसे आणि मग परवानगी असं करू नका. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. "सध्या माझ्या जीपेवर पाठवा, मी ट्रान्सफर करते" हे वाक्य कितीही प्रामाणिकपणे म्हटलं तरी एक दिवस कोणीतरी त्यावरून बोलतंच.

८० जी (देणगीदाराला करसवलत मिळते ती आयकराची मान्यता) असेल तर अभिमानाने लिहा, पण पूर्ण माहितीसकट. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर करसवलत मिळत नाही, आणि देणगीदाराला देणगीचं १० बीई सर्टिफिकेट द्यायचं तर संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत १० बीडी हा देणग्यांचा फॉर्म भरावा लागतो. हे तुमच्या सीएंना आत्ताच विचारून ठेवा, जुलैमध्ये देणगीदार मागे लागल्यावर नको.

बाहेरच्या देशातल्या मराठी लोकांकडून पैसे घ्यायचे का, हा प्रश्न आपल्याकडे येणारच, कारण ज्यांचे आईवडील आपण बघतो त्यांची मुलं तिकडेच आहेत. इथे नीट वाचा. मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे पण पासपोर्ट अजून भारतीय आहे आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवतोय, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, फक्त पासपोर्टची कॉपी घेऊन ठेवा. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत, मग आडनाव कुलकर्णी असो नाहीतर पाटील. त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. आम्हाला एका भाच्याची चांगली मोठी रक्कम नाही म्हणावी लागली, जीव तुटला. त्याला सांगितलं, पैसे नको, दर रविवारी मावशीला व्हिडिओ कॉल कर, आमचा एक स्वयंसेवक पोरगा तिथे जाऊन फोन लावून देईल.

आजींचा विश्वास कोणावर आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक वही घ्या आणि तुमच्या एरियातले हे लोक लिहून काढा: मेडिकलवाला, दूधवाला, पेपरवाला, घरकामाच्या मावशी, फॅमिली डॉक्टरांकडची कंपाउंडर, सोसायटीचे सेक्रेटरी, वॉचमन, देवळातले गुरुजी. जी माणसं त्या दारापर्यंत आठवड्यातून एकदा तरी जातात तीच आपली जाहिरात.

मेडिकलवाला एक नंबर. त्याला माहीत असतं कोण एकटं राहतं, कोणाची बीपीची गोळी या महिन्यात न्यायला कोणी आलं नाही, कोण फोनवर ऑर्डर देतं. आमच्या पूर्वेकडच्या एका दुकानदाराने पत्रकं ठेवायला आधी नाही म्हटलं, कारण काउंटरवर जागाच नसते. मग आम्ही पत्रक छोटं केलं, औषधाच्या कागदी पिशवीत मावेल एवढं, आणि त्याला म्हटलं फक्त साठीच्या वरच्यांच्या पिशवीत टाका. तेवढं त्याने आनंदाने केलं. पण दुकानात गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी तीन-साडेतीनला जा, आणि पहिल्यांदा जाताना काहीतरी विकत घ्या, निदान क्रोसिन.

घरकामाच्या मावशींना लोक विसरतात. रोज घरात जाणारी तीच एक बाई असते बऱ्याच ठिकाणी. त्यांना पत्रक देऊ नका, त्यांच्याशी बोला, आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.

ज्येष्ठ नागरिक संघात जायचंच. बऱ्याच संघांची महिन्याची सभा ठरलेली असते, तिथे वाढदिवस असतात, गाणी होतात, कोणाची तरी सहल ठरते. अध्यक्षांकडून दहा मिनिटं मागून घ्या आणि मग पूर्ण कार्यक्रम बसून ऐका, आपलं बोलून झालं की उठून जाणारी मुलगी त्यांना लगेच लक्षात राहते आणि चांगल्या अर्थाने नाही. प्रेझेंटेशन नको, प्रोजेक्टर नको, माईक तोंडाजवळ धरून हळू बोला. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. संघात येणारे ते चालू-फिरू शकणारे, आपल्याला ज्यांच्यापर्यंत पोचायचंय ते तिथे नाहीतच. म्हणून शेवटी "तुम्हाला काही लागलं तर सांगा" म्हणू नका. विचारा, "आधी नेहमी यायचे आणि आता येणं बंद झालंय असं कोण आहे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सभेत एकदम शांतता झाली आणि मग नावं यायला लागली, अमक्या बिल्डिंगमधले, तमक्या काकू, पेटी वाजवायचे ते. त्याच सभेतले कोणीतरी बरोबर येतो म्हणाले, आणि ओळखीचा माणूस पुढे असला की दाराची साखळी निघते.

पत्रक असं करा

अक्षर मोठं, कमीत कमी १८ पॉईंट, नंबर त्याच्याही दुप्पट. पांढऱ्यावर काळं किंवा पिवळ्यावर काळं. डिझायनर मैत्रिणीने लव्हेंडरवर पांढरं करून दिलं तर प्रेमाने नाही म्हणा, मोतीबिंदूवाल्यांना ते दिसत नाही. गुळगुळीत चकचकीत कागद नको, ट्यूबलाईट चमकते त्यावर. नुसता क्यूआर तर अजिबात नको. आणि नंबराखाली माणसाचं नाव लिहा, "संपर्क" नाही.

मागची बाजू रिकामी सोडू नका, कारण पत्रक टिकतं ते मागच्या बाजूमुळे. आम्ही तिथे छापतो: तातडीसाठी ११२, अॅम्ब्युलन्स १०८, ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८), ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३०. खाली रिकाम्या तीन ओळी, डॉक्टर, शेजारी, मुलगा/मुलगी, पेनाने लिहायला. असा कागद फ्रीजवर लागतो. नुसतं आमचं कौतुक असलेला कागद रद्दीत जातो.

सोसायटीत वाटताना सेक्रेटरींना विचारूनच, आणि रस्त्यावर फ्लेक्स लावायचा मोह झाला तर पालिकेची परवानगी काढा नाहीतर लावू नका, ज्येष्ठांचं काम करतो म्हणून विद्रूपीकरणाचा कायदा आपल्याला वेगळा लागत नाही.

व्हॉट्सअॅप

इथे ज्येष्ठ आहेत आणि भरपूर आहेत. पण ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच, त्यामुळे भेटलं की पहिलं काम नंबर सेव्ह करून देणं. ग्रुप केला तर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा नाहीतर दोन दिवसात कमळाच्या फुलावर सुप्रभात आणि हळदीने सगळे रोग बरे, यात आपला मेसेज बुडतो.

लिहिण्यापेक्षा बोला. ३०-४० सेकंदाचा व्हॉइस मेसेज, स्वतःच्या आवाजात, नाव सांगून. आजी तो दोनदा ऐकतात आणि पुढे पाठवतात. पोस्टर केलं तर त्यावर पूर्ण तारीख टाका, सालासकट. आमचं २०२३ चं शिबिराचं पोस्टर अजून फिरतंय, त्यावर नुसतं "येत्या रविवारी" लिहिलं होतं, अजूनही कोणीतरी रविवारी सकाळी त्या हॉलवर जाऊन उभं राहतं.

आता फोटो. "अमुक बिल्डिंगमधल्या या आजी एकट्याच राहतात, आम्ही त्यांना भेटलो", चेहरा, नाव, मागे दारावरची पाटी, असली पोस्ट मी स्वतः टाकली होती आणि एका पोलीस काकांनी फोन करून झापलं, की तू चोराला पत्ता देतेस का. तेव्हापासून एकटं राहणाऱ्या कोणाचाही पत्ता, मजला, बिल्डिंग, काही म्हणजे काही बाहेर जात नाही. फोटो घ्यायचा तर आधी विचारून, कुठे टाकणार ते दाखवून, आणि नंतर "नको वाटतंय" म्हणाल्या तर पाच मिनिटांत काढायचा. विसरण्याचा आजार असेल तर त्यांचं हो हे हो धरू नका, फोटोच नको. ब्लँकेट देतानाचा, हात पुढे केलेला फोटो तर मला बघवतच नाही. त्यापेक्षा आजोबा आमच्या मुलाला कॅरम शिकवतायत आणि तो हरतोय हा फोटो दहापट चालतो, खरंच.

लोक स्वतःहून येतील असं काहीतरी काम करा

आमची खरी प्रसिद्धी नोव्हेंबरमध्ये झाली. हयातीचा दाखला. पेन्शनरांना दर नोव्हेंबरला तो द्यावा लागतो, ८० च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. जीवन प्रमाण म्हणजे हाच दाखला २०१४ पासून ऑनलाईन आहे, पण ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही, मग बँकेत चकरा. आता चेहऱ्यावरून होतं. साध्या अँड्रॉईड फोनवर जीवन प्रमाणचं आणि चेहरा तपासणारं आधार फेस आरडीचं अॅप, आधार नंबर, पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), ओटीपीसाठी त्यांचा मोबाईल, आणि खिडकीसमोर उजेडात बसवायचं, चष्मा काढून, डोळे मिचकवायला सांगायचं. सगळं नीट असलं तर दहा मिनिटं. ज्यांचं पेन्शन पीएफचं म्हणजे ईपीएसचं आहे त्यांना नोव्हेंबरची घाई नाही, वर्षात कधीही दिला तरी पुढे बारा महिने चालतो, हे सांगितलं की अर्धी गर्दी तिथेच शांत होते.

आम्ही देवळाच्या हॉलमध्ये टेबल टाकलं आणि जिना न उतरणाऱ्यांसाठी घरी गेलो. कुठलीही रील जे करू शकली नाही ते या एका कामाने झालं, कारण ज्याचा दाखला झाला तो बिल्डिंगमध्ये चार जणांना सांगतो. तसंच ७० च्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचे उपचार मोफत, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, पण कार्ड काढून देताना जवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे तेही शोधून द्या, नाहीतर शिव्या आपल्याला. एसटी ७५ नंतर फुकट आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, हे बहुतेकांना माहीत असतं, तरी विचारतात.

मोबाईल हातात घेताना नियम पाळा आणि ते नियम मोठ्याने सांगा, तीसुद्धा प्रसिद्धीच आहे. आम्ही पिन विचारत नाही, एटीएम कार्ड हातात घेत नाही, ओटीपी त्यांनीच वाचून टाकायचा, नेहमी दोघं जातो, गळ्यात ओळखपत्र असतं, प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी झालीये, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला आमची यादी दिलीये. शिबिरात आम्ही एकच वाक्य पाठ करून घेतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

स्वयंसेवक मिळवायचे तर

"समाजसेवेसाठी तरुणांनी पुढे यावं" या पोस्टला कोणी पुढे येत नाही. "शनिवारी ४ ते ५, एकच घर, सहा आठवडे" याला येतात. कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) युनिटला भेटा, त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि प्रोग्राम ऑफिसर चांगलं काम शोधतच असतात. फक्त मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात, तेव्हा सगळे गायब, त्याची सोय आधी करा. आमची सोय म्हणजे नुकतेच रिटायर झालेले काका-काकू. साठ-पासष्टची माणसं ऐंशीच्या माणसांशी जे बोलू शकतात ते मला जमत नाही.

पेपर आणि पैसे

स्थानिक पुरवणीत आजचे कार्यक्रम असा कोपरा असतो, तो ज्येष्ठ रोज वाचतात, बातमीपेक्षा जास्त. पाच-सहा दिवस आधी मेल करा, पन्नास-साठ शब्द, काय, कुठे, केव्हा, कोणाला फोन करायचा. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून मेलमध्येच टाका, फोटो किंवा पीडीएफ पाठवली तर तिकडे कोणाला परत टाईप करायचा वेळ नसतो. मोठी बातमी हवी असेल तर १५ जून (ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस) किंवा १ ऑक्टोबर (ज्येष्ठ नागरिक दिन) च्या आठवडाभर आधी जा, तेव्हा त्यांनाच मजकूर हवा असतो. मात्र अशी बातमी आली की मुलगा मारतो, सून जेवायला देत नाही असे फोनही येतात, त्याची तयारी ठेवा. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि आपण स्वतः मध्ये पडण्यापेक्षा १४५६७ ला जोडून दिलेलं बरं.

देणगी मागताना लोकांच्या घरातल्या तारखा बघा. आपल्याकडे आईच्या वर्षश्राद्धाला, वडिलांच्या पंचाहत्तरीला, नातवाच्या मुंजीत लोक मनापासून देतात, फक्त कोणीतरी आकडा आणि वस्तू सांगावी लागते. "यथाशक्ती" लिहू नका. "एका आजोबांच्या घरी संडासात धरायचे दांडे बसवायचेत, एवढा खर्च, हे सुताराचं कोटेशन" असं लिहा. आणि दिवाळीत फराळ मागू नका प्लीज. चार संस्थांच्या चकल्या एकाच घरी येतात, आजींना दात नाहीत आणि आजोबांना शुगर, आणि मग फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही. आम्ही आमचं मोठं आवाहन मुद्दाम फेब्रुवारीत करतो.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आमच्या डोंबिवलीतूनच सुरू झाली, त्यात आम्हीही एकदा बॅनर घेऊन चाललो. मजा आली, फोन आले शून्य. पुढच्या वर्षी फलक नाही, व्हीलचेअरवर तीन आजी नऊवारीत, फडके रोडवर. त्यांच्या ओळखीच्यांनीच थांबवून थांबवून विचारलं, कुठे होतात इतके दिवस.

नंबर कोणाचा द्यायचा

प्रत्येक फोन करणाऱ्याला विचारा, आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि वहीत लिहा. आमच्या वहीत पहिला नंबर दुसऱ्या आजींकडून, मग मेडिकल, मग संघ, आणि इन्स्टा शेवटी, तेसुद्धा बंगलोरच्या मुलींचे फोन, आईसाठी. स्वयंसेवक कमी असतील तेव्हा पत्रकं मेडिकलमधून उचलून आणा. येतो म्हणून सांगून न जाणं हे मुळात जाहिरातच न करण्यापेक्षा वाईट, आजी सकाळपासून साडी बदलून बसलेल्या असतात.

आणि स्वतःचा पर्सनल नंबर छापू नका. तुमची नोकरी बदलेल, लग्न होईल, तुम्ही पुण्याला जाल, पण तो कागद फ्रीजवरच राहणार. वेगळं सिम घ्या, बटणांचा जुना फोन चालतो, रिचार्ज संपू देऊ नका, आणि आठवड्याला ज्याची पाळी त्याच्या घरी फोन आणि वही दोन्ही. पहिला फोन साधारण सकाळी साडेसहाला येतो, कारण आजी चारला उठलेल्या असतात आणि त्यांच्या मते साडेसहा म्हणजे उशीर झाला.